कुमारागार : मेळघाटातील घर आणि नवजाताचे आगमन

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या, म्हणजे जातिसूत्रीय अध्यायात दोन वास्तूंचे वर्णन आलेले आहे. पहिली वास्तू सूतिकागार. ती गर्भिणीचा नववा महिना सुरू होण्यापूर्वीच सिद्ध ठेवावयाची आहे. दुसरी कुमारागार. जन्मानंतर बालक तेथे वाढावयाचे आहे. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी या दोन विषयांवर टीपा लिहिल्या, गुण मिळविले आणि व्यवसायात उतरल्यावर हा भाग बाजूस ठेवला. गर्भिणीला आपण मासानुमासिक पथ्य सांगतो, कल्प लिहून देतो, सूतिकेसाठी काढे सुचवितो. परंतु 'बाळ ज्या खोलीत राहणार ती खोली कशी आहे?' हा प्रश्न आपल्यापैकी कितीजण विचारतात? हा प्रश्न चिकित्सेच्या कक्षेबाहेरचा नाही, किंबहुना अनेक नवजातांच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न आहे, हे चिखलदरा परिसराच्या संदर्भात मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूमी आणि ऋतू

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून पर्यटकांना ठाऊक आहे. धुके, कॉफीची झाडे, भीमकुंड, गाविलगडचा किल्ला आणि १९७४ साली जाहीर झालेला व्याघ्रप्रकल्प एवढे पाहून पर्यटक परततात. येथील कोरकू, गोंड, गवळी आदी समाजांच्या नवजात बालकांसाठी मात्र हीच उंची आणि हेच धुके कसोटीचे ठरते. पावसाळ्यात सिपना, खापरा, खंडू, गडगा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले भरून वाहू लागले की काही पाड्यांची वाट बंद होते. हिवाळ्यातील रात्री बोचऱ्या असतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी सपाटीवर उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. या काळात दिवस भरत आलेली स्त्री कित्येकदा स्वतःच्या घरात नसतेच. मग घराची पूर्वतयारी करणार कोण आणि केव्हा?

मेळघाटातील बालमृत्यूंचा विषय १९९० च्या दशकापासून वृत्तपत्रांतून, विधिमंडळातून आणि न्यायालयांतून सातत्याने चर्चिला गेला. चर्चेचा मुख्य भर कुपोषणावर राहिला आणि ते योग्यच होते. तथापि बालमृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत असतो. या दिवसांत बाळ काय खाते हा प्रश्न स्तन्यापुरता मर्यादित असतो. बाळ उबदार आहे काय, त्याच्या श्वासात धूर जातो काय, त्याला कोणाचे हात लागतात आणि ते आजारी दिसल्यास घरातून किती वेळात निघता येते, हे प्रश्न तेव्हा अधिक निर्णायक ठरतात. यांतील प्रत्येक प्रश्न घराशी निगडित आहे.

दोन वास्तू, दोन प्रयोजने

सूतिकागार आणि कुमारागार यांचे भेद नीट लक्षात घेतले पाहिजेत. सूतिकागारासाठी चरकाचार्यांनी अस्थी, वाळू, खापऱ्या काढून शुद्ध केलेली भूमी सांगितली. पूर्वेस वा उत्तरेस द्वार सांगितले. अग्नी, जल, उखळ, मलमूत्रविसर्जनाचे स्थान, स्नानाची जागा आणि स्वयंपाकघर यांची व्यवस्था सांगितली आणि वास्तू ऋतूला सुखकर असावी असे म्हटले. बेल, तिंदुक, इंगुदी, भल्लातक, वरुण, खदिर ही काष्ठे सांगितली. बेल, तेंदूच्या कुळातील तेंभुरणी, हिंगणबेट, बिब्बा, वायवरणा आणि खैर ही सर्व झाडे विदर्भाच्या रानाला परिचित आहेत, हे वाचून मेळघाटच्या वैद्याला आनंद व्हावा. पण आज व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून ही काष्ठे आणून खोली बांधणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. संहितेतील या वर्णनाचा गाभा पुढच्या यादीत आहे. घृत, तैल, मध, लवणे, औषधी द्रव्ये, तीक्ष्ण शस्त्रे, सुया, दोरे, शय्या आणि अनेक प्रसूतींचा अनुभव असलेल्या, प्रेमळ, कुशल, न थकणाऱ्या स्त्रिया, असा सर्व संभार वेदना सुरू होण्यापूर्वी तेथे हजर पाहिजे, असा चरकाचार्यांचा आग्रह आहे. वेदना सुरू झाल्यावर धावाधाव करावी लागू नये, हे या सर्व वर्णनाचे मर्म होय.

हे मर्म आजच्या काळात कोठे साध्य होते? शुद्ध भूमी, तीक्ष्ण व निर्जंतुक शस्त्रे, कुशल परिचारिका, रक्तस्राव वा श्वासावरोध झाल्यास तत्काळ उपाय, हे सर्व एकत्र असलेले ठिकाण म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय. म्हणून आजचे सूतिकागार रुग्णालयात आहे, ही भूमिका आयुर्वेदाच्या वैद्याने निःसंकोचपणे घ्यावी. २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना आणि २०११ पासूनचा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम यांमुळे शासकीय रुग्णालयातील प्रसूती, औषधे व ने-आण विनामूल्य झाली. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' ही सोय करण्यात आली. अपेक्षित तारखेच्या काही दिवस आधी गर्भिणीने घरातील एखाद्या जिव्हाळ्याच्या व्यक्तीसह तेथे येऊन राहावे, अशी ही कल्पना आहे. वेदनेपूर्वीच सूतिकागारात प्रवेश करावा, या सुश्रुतोक्त विधानाशी ती किती जुळते! नाव मात्र 'माहेर' असल्याने तिला आपल्या वऱ्हाडी मनाची ऊब लाभली आहे. पावसाळ्यात ज्यांची वाट बंद होते अशा पाड्यांवरील गर्भिणीला वैद्याने याची माहिती आवर्जून द्यावी.

सूतिकागार असे रुग्णालयात गेले तरी कुमारागार घरातच राहते. एक-दोन दिवसांत आई आणि बाळ घरी परततात. घरी काय वाट पाहत असते? येथेच आपले काम सुरू होते.

अंधारी खोली कोणाची?

वऱ्हाडातील बाळंतिणीची खोली आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. घरातील सर्वांत आतली, अंधारी खोली, खिडकी असलीच तर चिंध्यांनी बंद केलेली, दारावर घोंगडी, बाजेखाली निखाऱ्यांचे घमेले किंवा शेगडी. बाळाला वारा लागू नये, दृष्ट लागू नये आणि बाळंतिणीला शेक मिळावा, असा त्यामागील हेतू. हेतू मायेचा आहे. ही खोली आयुर्वेदाने सांगितली, अशीही एक समजूत जनमानसात रूढ आहे. संहिता पाहिली तर वस्तुस्थिती उलट दिसते.

चरकोक्त कुमारागाराची विशेषणे पाहावीत. ते 'अतमस्क' म्हणजे अंधाररहित असावे. ते 'निवात' असावे, म्हणजे वाऱ्याचा थेट झोत येऊ नये. आणि त्याच वेळी 'प्रवातैकदेश' असावे, म्हणजे त्याच्या एका भागात हवा खेळती असावी. ही दोन विशेषणे एकत्र वाचली म्हणजे आचार्यांची दृष्टी किती नेमकी होती हे कळते. बालक वाऱ्याच्या मार्गात नको, पण कोंडलेल्या हवेतही नको. याशिवाय ते दृढ असावे. श्वापदे, पशू, दंश करणारे प्राणी, उंदीर आणि कीटक यांपासून मुक्त असावे. पाणी, उखळ, मलमूत्रस्थान, स्नानस्थान आणि स्वयंपाकघर यांची त्यात योग्य विभागणी असावी. आणि ते ऋतुसुखकर असावे. अंधारी, धुरकट, कोंदट खोली यांतील किती लक्षणांत बसते?

बंद खोलीतील निखाऱ्यांचा धोका आज अधिक स्पष्टपणे सांगता येतो. अपुऱ्या हवेत कोळसा वा गोवऱ्या जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला गंध नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. सरपणाच्या धुरामुळे बालकांना न्युमोनियाचा धोका वाढतो, हेही सिद्ध झालेले आहे. शेक द्यावयाचाच असेल तर निखारे बाहेर पूर्ण फुलवून, धूर निघून गेल्यावर, दार उघडे ठेवून, सूतिकेपुरता मर्यादित वेळ द्यावा आणि घमेले लगेच बाहेर न्यावे. रात्रभर बाजेखाली निखारे ठेवण्यास स्पष्ट मनाई करावी.

मेळघाटातील पारंपरिक घर कुडाच्या भिंतींचे, माती-शेणाने लिंपलेले, कौलारू असते. चूल बहुधा आतच असते. स्वतंत्र खोली बांधा असे सांगणे येथे उपहासाचे ठरेल. सुश्रुताचार्यांनी सूतिकागाराचे जे मान दिले आहे ते आठ हात लांब आणि चार हात रुंद, म्हणजे साधारण १२ फूट बाय ६ फूट एवढेच आहे. शास्त्राला वाडा अपेक्षित नव्हता. कुमारागारासाठीही घराचा एक कोपरा पुरतो. तो चुलीपासून सर्वांत दूरचा असावा. दाराच्या थेट रेषेत नसावा. कुडातील फटी तेवढ्या बाजूने लिंपून घ्याव्यात. आणि समोरच्या अंगाला वर, छपरालगत, हवेला व उजेडाला वाट ठेवावी. शक्य तेथे चूल पडवीत हलवावी किंवा दीड महिन्यापुरता स्वयंपाक बाहेर करावा. 'निवात' आणि 'प्रवातैकदेश' या दोन शब्दांचे हे मेळघाटी भाषांतर समजावे.

उब : पहिले औषध

जन्मतः बालक ओले असते, त्याची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो. म्हणून ते झपाट्याने उष्णता गमावते. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली तुलना वैद्याने कुटुंबीयांना जरूर सांगावी : २३ अंश सेल्सियसच्या खोलीत उघड्या नवजाताची जेवढी उष्णता जाते, तेवढी शून्य अंशात उघड्या उभ्या असलेल्या प्रौढाची जाते. आपल्याला जी हवा सुखद वाटते ती बाळाला हिमासारखी असते. चिखलदऱ्याच्या पौष-माघातील रात्रीची कल्पना यावरून करावी.

नवजाताचे स्वाभाविक तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असते. घरात तापमापक नसेल तर हाताची परीक्षा पुरेशी उपयुक्त आहे. बाळाचे पोट आणि तळपाय या दोन्हींना हात लावावा. दोन्ही उबदार असल्यास बाळ सुस्थितीत आहे. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडत आहे, त्याला तत्काळ उब द्यावी. दोन्ही गार असतील तर ती आणीबाणी समजावी. स्पर्शपरीक्षा हे आपले परंपरागत साधन आहे. ते प्रत्येक आजीच्या हाती द्यावे.

उब देण्याचा सर्वोत्तम उपाय आईची त्वचा हाच आहे. कोलंबियाच्या बोगोता शहरात १९७८ च्या सुमारास काचपेट्यांच्या अभावी सुरू झालेली 'कांगारू' पद्धत आज सर्वमान्य झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आणि दिवसातील ८ ते २४ तास अशा प्रकारे छातीशी धरावे, अशी शिफारस केली. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला याचा मोठा लाभ होतो. आई थकली तर वडील, आजी वा मावशी यांनी बाळाला घ्यावे. वीज नसलेल्या पाड्यावरही हे साधन उपलब्ध आहे आणि त्यास खर्च नाही.

सुश्रुताचार्यांनी नवजाताच्या टाळूवर तुपात भिजवलेला पिचू ठेवावा असे सांगितले आहे. आज डोके झाकणे हा उष्णतारक्षणाचा अविभाज्य भाग मानला जातो. आपली कुंची आणि टोपडे म्हणूनच शास्त्रशुद्ध ठरतात. स्नानाविषयी सुश्रुतांनी कोमट द्रव आणि यथाकाल, यथादोष असा विवेक सांगितला आहे. आजच्या ज्ञानानुसार पहिले स्नान किमान २४ तास पुढे ढकलावे आणि कमी वजनाच्या बाळाला त्याहूनही अधिक थांबावे. 'यथाकाल' या शब्दात या विवेकाला पूर्ण वाव आहे.

धूपन कशाचे?

धुरी हा आपल्याकडील जिव्हाळ्याचा विषय. स्नानानंतर बाळाला ओवा, वावडिंग, धूप यांच्या धुरावर धरणे ही घराघरातील रीत आहे. जातिसूत्रीय अध्यायात यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्यांचे धूपन सांगितले आहे; पण कशासाठी? तेथे वस्त्रे, शय्या, आस्तरणे आणि प्रावरणे यांच्या धूपनाचा निर्देश आहे. स्वेद, मळ, कीटक, मूत्र, पुरीष यांनी दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी उपलब्ध नसतील तर तीच चांगली धुऊन, धूपित करून, पूर्ण वाळवून वापरावीत, असा हा क्रम आहे. गरीब घराची अडचण आचार्यांना ठाऊक होती, हे या सूचनेवरून दिसते.

काश्यपसंहितेत धूपांचा स्वतंत्र कल्प आहे, हे मान्य. तेथील योगांचा विचार तज्ज्ञ वैद्याने रुग्णपरत्वे करावा. परंतु सार्वत्रिक सल्ला देताना चरकांचा क्रम अधिक सुरक्षित आहे : कपडे व अंथरूण धुवावे, बाहेर अंगणात धूपित करावे, कडक उन्हात वाळवावे आणि धूर पूर्ण विरल्यावर आत आणावे. बाळाला धुरावर धरू नये. बिब्ब्याचा धूर तर कोणत्याही कारणाने घरात करू नये. त्याचप्रमाणे वेखंडाची पूड बाळाच्या अंगावर वा टाळूवर उधळताना ती श्वासात जाते, तीही टाळावी. काजळ घालणे, कानात-नाकात तेल सोडणे या प्रथांविषयीही हाच सल्ला द्यावा.

शय्या, प्राणी आणि कीटक

मृदू, लघु, शुचि आणि सुगंधी अशी शय्या चरकांनी सांगितली. जुन्या सुती लुगड्याची वा धोतराची धुऊन मऊ झालेली दुपटी यास उत्तम. किमान डझनभर लंगोट, चार-सहा दुपटी, दोन टोपडी, दोन कुंच्या आणि एक गोधडी एवढा संभार आठव्या महिन्यातच धुऊन, वाळवून, स्वच्छ कपड्यात बांधून ठेवावा. 'बाळ येण्याआधी कपडे शिवू नयेत' हा संकेत अनेक घरांत पाळला जातो. त्याचा मान राखावयाचा तर नवे शिवू नये. जुने धुऊन ठेवण्यास कोणाचीच हरकत नसते. अंथरूण मृदू म्हणजे खोल रुतणारे नव्हे. बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. तोंडाजवळ उशी वा सैल पांघरूण नसावे.

दंश करणारे प्राणी, उंदीर आणि कीटक यांचा चरकांनी केलेला उल्लेख मेळघाटात अक्षरशः घ्यावा. येथे हिवतापाचा धोका आहे, विंचू आहेत, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश करणारा मण्यार आहे. आई-बाळाची जागा बाजेवर असावी, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या असाव्यात, धान्याची कणगी आणि सरपणाचा ढीग त्या कोपऱ्यापासून दूर असावा, शेळ्या-कोंबड्यांची रात्रीची सोय तेवढ्या काळापुरती बाहेर करावी. दाराशी हात धुण्याचे पाणी आणि साबण ठेवावा. बाळाला घेण्यापूर्वी प्रत्येकाने हात धुवावेत, हा घराचा नियम असावा.

नाल, प्रथम प्राशन आणि चटके

नाल नाभीपासून आठ अंगुळांवर बांधून तीक्ष्ण शस्त्राने छेदावा, असे चरकांनी सांगितले. तीक्ष्णता आणि शुद्धी यांत तडजोड त्यांना मान्य नव्हती. नाळेवर शेण, राख वा माती लावण्याच्या प्रथेने एकेकाळी असंख्य बालके धनुर्वाताने दगावली. गर्भिणीचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. ही कमाई टिकवावयाची तर नाळ कोरडी, स्वच्छ आणि उघडी ठेवावी, एवढाच घरगुती नियम पुरे. नाभिपाकाची लक्षणे दिसल्यास तेल बनवीत बसू नये; बाळाला रुग्णालयात न्यावे.

जातकर्मातील मधु-घृत प्राशनाविषयी आपल्यापुढे नवी माहिती आहे. मधातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे अर्भकांना बोट्युलिझम हा पक्षाघातसदृश आजार होऊ शकतो. हा प्रकार १९७६ मध्ये ओळखला गेला. त्यामुळे एक वर्षापर्यंत मध देऊ नये, हा आजचा सर्वमान्य सल्ला आहे. चरकांनी या प्राशनानंतर विलंब न करता दक्षिण स्तन पाजावा असे म्हटले आहे, हे येथे स्मरावे. पहिल्या तासात स्तनपान आणि सहा महिने केवळ स्तन्य, हा आजचा नियम त्या आदेशाशी सुसंगत आहे.

आता एक कटू विषय. पोट फुगले, बाळ रडू लागले की तापलेल्या विळ्याने वा लोखंडाने पोटावर चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा मेळघाटात अद्याप नष्ट झालेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचे वृत्त राज्यभर प्रसिद्ध झाले. या प्रथेस आयुर्वेदातील अग्निकर्माचा आधार असल्याचा भास कोणास होऊ नये. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील अग्निकर्माच्या अध्यायात ज्यांना अग्निकर्म निषिद्ध आहे त्यांची यादी दिली, तीत 'बाल' आणि 'दुर्बल' हे दोन्ही आहेत. पोट फुगलेले नवजात हा जंतुसंसर्गाचा वा आतड्याच्या अवरोधाचा रुग्ण असू शकतो. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. हा निषेध भूमकांपर्यंत पोहोचविण्याचे काम आपण वैद्य अधिक चांगल्या प्रकारे करू शकतो, कारण आपण त्यांच्याशी वनौषधींच्या भाषेत बोलू शकतो. भूमकाला शत्रू मानून हे होणार नाही. त्याच्याकडे बाळ पहिल्यांदा जाते, हे वास्तव आहे. ते त्याच्याकडून पुढे रुग्णालयात जावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

घर म्हणजे माणसे

चरकांच्या सूतिकागारात वस्तूंच्या यादीनंतर माणसांची यादी येते, हे सूचक आहे. सुश्रुतांनी सूतिकेचा काळ दीड महिना सांगितला. आज 'आशा' कार्यकर्तीच्या गृहभेटी जन्मानंतर ४२ व्या दिवसापर्यंत चालतात. दोन्ही गणिते जवळजवळ एकच आहेत. या काळात सरपण, पाणी आणि शेत यांतून आईला मोकळीक कोण देणार, हे बाळ येण्यापूर्वी घरात बसून ठरले पाहिजे. सासूने, नणंदेने, नवऱ्याने कोणते काम उचलावयाचे हे वैद्याने विचारावे. हा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा आहे.

घरातच नवजाताची शास्त्रशुद्ध काळजी घेता येते, हे विदर्भानेच जगाला दाखविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात-सेवेचे शिक्षण दिले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट नोंदली गेली. २०११ मध्ये केंद्र शासनाने ही घरपोच नवजात-सेवा 'आशां'मार्फत देशभर स्वीकारली. मेळघाटात धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था १९९८ पासून याच दिशेने काम करीत आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा गृहभेटी 'आशा'ने द्यावयाच्या असतात. आपल्या रुग्णेच्या घरी या भेटी होतात काय, हे वैद्याने विचारत जावे.

वैद्याने करावयाचे

आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, असे संहिता सांगते. त्या महिन्यात प्रसूती झाल्यास बालकाला धोका अधिक, हे आधुनिक अनुभवाशीही जुळते. म्हणून तयारी नवव्या महिन्यावर टाकू नये. पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

सातव्या महिन्यात : प्रसूती कोठे होणार, हे कुटुंबीयांकडून निश्चित वदवून घ्यावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यास माहेरच्या घराचीही चौकशी करावी. कुटुंब कामासाठी बाहेरगावी जाणार असेल तर परतण्याची तारीख ठरवावी.

आठव्या महिन्यात : घरातील कोपरा निवडावा, लिंपून घ्यावा, चूल दूर करावी. कपडे धुऊन बांधून ठेवावेत. मच्छरदाणी आणावी. १०२ व १०८ या क्रमांकांची माहिती द्यावी. जेथे मोबाईलला रेंज नाही तेथे निरोप कोण नेणार आणि कोणाचे वाहन मिळणार, हे नावानिशी ठरवावे. पावसाळ्यात अपेक्षित तारखेच्या आधीच माहेरघरात वा रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा.

नवव्या महिन्यात : उब, स्तनपान, हात धुणे आणि नाळेची निगा या चार गोष्टी आई, आजी आणि वडील या तिघांनाही एकत्र बसवून सांगाव्यात.

जन्मानंतर : बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले वा तापले, बाळ मलूल झाले, श्वास मिनिटाला ६० पेक्षा अधिक झाले वा छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे झाले, नाळेभोवती लाली वा पू आला, आचके आले, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता, बाळाला छातीशी धरून निघावे. चिखलदऱ्याहून परतवाड्याचा घाटरस्ता सुमारे ३० किलोमीटरचा आहे. अमरावती त्याहून पुष्कळ दूर. या अंतरात बाळ गार पडू नये म्हणून त्वचेशी त्वचा लावून नेणे हाच सर्वांत सोपा उपाय होय.

चरकाचार्यांनी खेळण्यांचेही वर्णन केले आहे. ती रंगीत, आवाज करणारी, हलकी, धार नसलेली आणि तोंडात न जाणारी असावीत. बालकाला भीती घालू नये, राक्षस-पिशाच्चांची नावेही त्याच्यापुढे घेऊ नयेत, असेही ते सांगतात. खेळण्यापर्यंत पोहोचण्यासाठी बालकाने आधी पहिला महिना पार करावयास हवा. त्या महिन्यासाठी उजेडाचा, खेळत्या हवेचा, धूररहित आणि उबदार असा एक कोपरा आपल्या प्रत्येक गर्भिणीच्या घरी आठव्या महिन्यात सिद्ध आहे काय, हे विचारण्यास चिकित्सालयात दोन मिनिटेही लागत नाहीत. वैद्यबंधू-भगिनींनी हा प्रश्न गर्भिणीच्या तपासणीच्या कागदावर कायमचा लिहून घ्यावा, एवढीच विनंती.